सातशे पत्रं आणि बागेतलं घर : यानाचेकच्या मोरावियात

लेओश यानाचेक (1854–1928) हे नाव आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांनाही जरा उशिराच भेटतं. मला ते ताईमुळे भेटलं. ताईने आयुष्यभर कॉलेजात गायन शिकवलं. माणसांच्या बोलण्याची स्वरलिपी करणारा चेक संगीतकार म्हणून तिने कधीतरी त्याच्याबद्दल वाचलं, आणि मग तिच्या टेबलावर त्याच्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद आला. तो मीही वाचून काढला. पत्रं वाचून झाल्यावर ती जिथे लिहिली गेली त्या जागा पाहाव्यात असं दोघींनाही वाटू लागलं. हा माणूस संगीताचा प्राध्यापक होता, ऑर्गन स्कूलचा संचालक होता आणि जगाने ज्याला साठीनंतर ओळखलं असा संगीतकार होता. मला मात्र तो आधी पत्रलेखक म्हणूनच कळला. म्हणून आमचा प्रवासही पत्रांच्याच वाटेने झाला.

पहिला दिवस : प्राग ते ब्रनो

प्रागहून ब्रनोला, म्हणजे चेक देशाच्या मोराविया भागातल्या मुख्य शहराला, गाडी साधारण अडीच तासांत पोचते. वाटेत काढणी झालेली शेतं, मधूनच चर्चचे कांद्याच्या आकाराचे कळस. प्रागमध्ये आम्ही मुद्दामच रेंगाळलो नाही. यानाचेकचं आणि प्रागचं नातं तसं अवघडच. विशीत तो तिथे ऑर्गन शिकायला आला, 1874 मध्ये. भाड्याच्या खोलीत पियानो नव्हता, म्हणून त्याने टेबलावर खडूने पट्ट्या आखल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर बाखचा रियाज केला. पुढे याच शहराने त्याच्या ‘येनूफा’ या ऑपेराला बारा वर्षं दाराबाहेर उभं केलं. त्याबद्दल पुढे सांगते.

ब्रनोत उतरल्यावर ट्राम घेतली आणि ताईचं काम तिथेच सुरू झालं. चेकमध्ये शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर येतो. पुढचा थांबा सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज ‘प्शीश्ती झास्ताफ्का’ म्हणायचा. दोन-तीन थांबे गेल्यावर ताईने वही काढली. ‘प्शीश्ती’ पंचमावर चढतं, ‘झास्ताफ्का’ गंधाराकडे उतरतं आणि थांब्याचं नाव षड्जावर येऊन बसतं, असं तिने लिहून घेतलं. समोरच्या आजोबांनी मान वाकवून वहीत पाहिलं. ताई म्हणाली, “अगं, रोज हेच करायचा तो. फरक इतकाच की त्याने तीस वर्षं केलं.”

ते खरंच आहे. 1897 च्या सुमारापासून मरेपर्यंत तो लोकांच्या बोलण्याच्या चाली टिपत राहिला. बाजारातली बाई, स्टेशनवरचा हमाल, शाळेतली पोरं, कोंबड्या, कुत्री, कुणाच्यातरी अंगणातली चिमणी. चेकमध्ये याला ‘नापेव्की म्लुवी’ म्हणतात, बोलण्याच्या चाली. त्याच्या ऑपेरांमधली माणसं जी गातात ते ‘गाणं’ म्हणून उभं राहत नाही, माणूस बोलता बोलता स्वरात जातो. आपल्याकडे ठुमरीतला बोलबनाव ज्याच्या कानात मुरलाय त्याला हे पटकन कळेल.

संध्याकाळी मेंडेल चौकात गेलो. मटारांवरचे प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल इथल्याच सेंट थॉमस मठातला. शेजारी विटांची गॉथिक बॅसिलिका आहे. राणी एलिश्का रेय्च्काने 1323 मध्ये स्थापन केलेल्या मठाची ती. 1865 मध्ये अकरा वर्षांचा लेओश या मठात गाणारा पोरगा म्हणून दाखल झाला. बाप खेड्यातला शाळामास्तर, घरात मुलंच मुलं. एक तोंड कमी झालं आणि पोराचं शिक्षणही झालं. या गायक मुलांचा गणवेश निळा असायचा, म्हणून गाव त्यांना ‘मोद्राच्की’ म्हणायचं. संगीत शिकवायला पावेल क्रिश्कोव्स्की होता, तो स्वतः चांगला रचनाकार. तो ओलोमोउत्सला गेला तेव्हा गायकवृंदाची जबाबदारी अठरा वर्षांच्या यानाचेकवर आली. मेंडेल तेव्हा मठाधिपती होता, आणि 1884 मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीचं संगीतही यानाचेककडेच होतं.

चौकातल्या बाकावर बसून आम्ही त्याच्या ‘सिन्फोनिएटा’ या वाद्यवृंदासाठीच्या कृतीतला तिसरा भाग ऐकला. 1926 च्या या कृतीच्या पाच भागांत त्याने ब्रनोच उभं केलंय : तुताऱ्यांची सलामी, मग किल्ला, राणीचा मठ, रस्ता आणि नगरभवन. तिसरा भाग, ‘राणीचा मठ’, म्हणजे हीच वास्तू. सुरुवात संथ, रात्रीची, आणि मग अचानक वादळ उठतं. घरापासून तुटलेल्या अकरा वर्षांच्या पोराची ती रात्र असावी असं मला वाटतं. त्याने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, ही माझी समजूत.

दुसरा दिवस : बागेतलं घर

हा दिवस मी आधीपासूनच राखून ठेवला होता.

कोउनित्सोवा आणि स्मेतानोवा या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक मोठी जुनी हवेली आहे. हेच त्याचं ऑर्गन स्कूल. 1881 मध्ये त्याने ते स्थापन केलं, 1908 मध्ये ते या जागेत आलं. हवेलीच्या मागे बाग, आणि बागेत त्याच्यासाठी बांधलेलं बसकं छोटं घर. 1910 पासून अखेरपर्यंत तो आणि त्याची बायको झ्देंका इथे राहिले. आज ते मोरावियन संग्रहालयाच्या ताब्यातलं स्मारक आहे.

अभ्यासिकेत शिरल्यावर उजेड कमी वाटतो. पियानो एर्बार कंपनीचा, काळा, मोठा. शेजारी लिहायचं टेबल. या दोन वस्तूंमधल्या दोन-तीन पावलांत त्याचं सगळं उत्तरायुष्य गेलं. घरकाम पाहणाऱ्या मारिये स्टेयस्कालोवाच्या आठवणींत त्याची पद्धत वाचलेली होती : पियानोवर एकच सुरावट जोरजोरात, पुन्हा पुन्हा बडवायची, मग धावत टेबलाशी यायचं आणि खरडायचं. परत पियानो. इथे उभं राहून ते डोळ्यांसमोर आलं. खोलीच इतकी लहान आहे की तो आवाज घरातल्या प्रत्येकाला ऐकू येणारच, झ्देंकालाही.

एका कपाटात हिप्पचं क्रोनोस्कोप आहे, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळासारखं यंत्र. प्रयोगशाळांमध्ये मानसशास्त्राच्या कामाला ते वापरत. यानाचेकने ते बोललेल्या शब्दाचा काळ मोजायला घेतलं. ताई त्या यंत्रापाशी बराच वेळ उभी होती. लयीचा इतका हट्ट तिने तिच्या गुरुजींशिवाय कुणात पाहिला नव्हता, असं म्हणाली.

मला बघायची होती हस्तलिखितं. शेवटच्या वर्षांत तो छापील स्वरपत्रिका वापरतच नव्हता. कोरा कागद घ्यायचा आणि जिथे लागतील तिथेच हाताने पाच रेघा ओढायच्या. बासरीला चार मात्रा हव्या तर चार मात्रांपुरत्याच रेघा, बाकी कागद कोरा. रेघा वाकड्या, काही ठिकाणी शाई फुटलेली, एखादा शब्द तिरपा घुसवलेला. छापील वीस ओळी समोर आल्या की त्या भरायचा मोह होतो, म्हणून ही पद्धत. आम्ही पाहिली ती प्रतिकृती असली तरी काचेवर नाक टेकवून पाहिली.

पत्रांबद्दल आता नीट सांगते. याच इमारतींमध्ये ठेवलेला त्याचा संग्रह 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर नोंदवला गेला. आलेली पत्रं तो जपून ठेवायचा. प्रागमधला जर्मनभाषक लेखक मॅक्स ब्रोड याची पत्रं आहेत. ब्रोडने 1916 मध्ये प्रागला ‘येनूफा’ ऐकली, तिच्यावर लिहिलं, ती जर्मनमध्ये नेली, आणि त्या जर्मन संहितेमुळे यानाचेक चेक भाषेच्या हद्दीबाहेर पोचला. पण पत्रव्यवहाराचे दोन गठ्ठे असे आहेत की त्यांच्यामध्ये त्याचं अख्खं आयुष्य मावतं.

पहिला गठ्ठा 1879–80 चा. पंचविशीतला यानाचेक आधी लाइपझिगला आणि मग व्हिएन्नाला शिकायला गेला. मागे ब्रनोत झ्देंका शुल्झोवा, त्याची पियानोची विद्यार्थिनी. तिचे वडील त्याच संस्थेचे संचालक जिथे तो शिक्षक म्हणून घडला. ती चौदा वर्षांची. घर जर्मन बोलणारं, म्हणून ही पत्रं जर्मनमध्ये. तो तिला सतत लिहितो. आज कुठला तास झाला, कुठल्या मास्तरांनी काय म्हटलं, किती फ्यूग (अनेक आवाज गुंफलेल्या रचना) लिहिले, जेवलो काय, थंडी किती, एकटं किती वाटतं. जे काही घडलं ते तिला सांगितल्याशिवाय घडलंच नाही, असं ते लिहिणं आहे. 1881 च्या जुलैमध्ये लग्न झालं, झ्देंकाची सोळा वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते.

दुसरा गठ्ठा 1917 ते 1928 चा. कामिला स्टोसलोवाला लिहिलेली सातशेहून जास्त पत्रं. लिहिणारा तोच आणि उतावीळही तितकाच. आज काय लिहिलं, कोण भेटलं, झोप लागली की नाही. झ्देंका मात्र आता या छोट्या घरातल्या पलीकडच्या खोलीत आहे आणि पत्रं दुसरीकडे जातायत.

मला वाटतं, त्याला आयुष्यभर एक कान हवा होता. रोज ज्याला सगळं सांगता येईल असा, आणि शक्यतो दूर राहणारा. झ्देंका लांब होती तोवर तो कान तिचा होता, ती घरात आली आणि तो गेला. हे त्या घरात उभं राहून जितकं टोचलं तितकं वाचताना टोचलं नव्हतं. त्याच्या संगीतावर माझं अतोनात प्रेम आहे, तरी झ्देंकाच्या वाट्याला जे आलं त्याचं मला अजिबात समर्थन करता येत नाही.

त्या दोघांमध्ये दोन मृत्यूही आहेत. मुलगा व्लादिमीर अडीच वर्षांचा होऊन 1890 मध्ये गेला. थोरली मुलगी ओल्गा 1902 मध्ये रशियात टायफॉइड घेऊन परतली आणि 26 फेब्रुवारी 1903 रोजी, विशीत गेली. त्या आजारपणात तो ‘येनूफा’ संपवत होता. तिने वडिलांकडे ऑपेरा वाजवून दाखवायचा हट्ट धरला, कारण रंगमंचावर पाहायला आपण नसू हे तिला कळलं होतं. त्याने वाजवून दाखवला. आणि तिच्या अखेरच्या शब्दांच्या चालीही टिपून ठेवल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते क्रूर वाटलं होतं. ताई म्हणाली, “कलेसाठी लिहायचं म्हणून नाही लिहिलं गं त्याने. त्याला दुसरं काही धरून ठेवता येत नव्हतं.”

तिसरा दिवस : ब्रनोचे रस्ते आणि स्मशानभूमी

सकाळी बेसेद्नी दूमसमोर. ब्रनोतल्या चेकभाषकांचं हे सांस्कृतिक भवन. तेव्हाचं ब्रनो जर्मन वर्चस्वाखालचं. चेक विद्यापीठाच्या मागणीसाठी ऑक्टोबर 1905 मध्ये निदर्शनं झाली, सैन्य आलं आणि फ्रांतिशेक पाव्लिक नावाचा तरुण सुतार संगिनीने मारला गेला. यानाचेकने त्यावर पियानो सोनाटा लिहिला, ‘1. X. 1905’. पहिल्या प्रयोगाच्या वेळी त्यातला तिसरा भाग त्याने जाळून टाकला, उरलेले दोन पुढे प्रागमध्ये व्ल्तावा नदीत फेकले. पियानिस्ट लुद्मिला तुच्कोवाकडे नक्कल राहिली होती म्हणून ते दोन भाग आज ऐकता येतात.

जाळणं, फेकणं हे त्याच्या बाबतीत पुन्हा पुन्हा येतं. दुसऱ्यांची पत्रंही त्याने जाळली, पण ते लुहाचोविचेच्या दिवशी सांगते.

‘येनूफा’ 21 जानेवारी 1904 रोजी ब्रनोत लागली. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा प्रमुख कारेल कोवार्झोविच तिला नाकारत राहिला. 1887 मध्ये कोवार्झोविचच्या एका ऑपेरावर यानाचेकने झोंबणारं परीक्षण लिहिलं होतं, ते तो विसरला नव्हता असं बहुतेक अभ्यासक मानतात. मित्रांनी मनधरणी केली, पत्रापत्री झाली, आणि कोवार्झोविचने वाद्यमेळात स्वतःचे फेरफार करण्याच्या अटीवर ऑपेरा घेतला. 26 मे 1916. यानाचेक एकसष्ट वर्षांचा होता. तोवर तो ब्रनोतला एक मास्तर होता, शिक्षक विद्यालयात शिकवणारा, ऑर्गनवादक तयार करणारा, हार्मनीवर पाठ्यपुस्तक लिहिणारा. माझ्या मते त्या मास्तरकीला लोक कमी लेखतात. 1919 मध्ये त्याच्याच शाळेतून ब्रनोचं संगीत विद्यालय उभं राहिलं, आणि 1920 पासून तो प्राग विद्यालयाच्या ब्रनोतल्या उच्च वर्गाचा प्राध्यापक झाला. त्या वर्गातून निघालेला पावेल हास पुढे आउश्वित्झमध्ये मारला गेला. दुसरा शिष्य ब्रेतिस्लाव्ह बाकाला, त्याने गुरूच्या कृती मरेपर्यंत उभ्या केल्या. 1925 मध्ये मासारिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, तर हा सत्तरीतला गृहस्थ सह्या करताना नावाआधी ‘डॉ.’ लावू लागला. खेड्यातल्या मास्तराच्या पोराला त्या दोन अक्षरांचं काय वाटत असेल, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायला नको.

दुपारी मध्यवर्ती स्मशानभूमीत गेलो. मानाच्या विभागात त्याची कबर आहे. दगडावर स्वर आणि शब्द कोरलेले. ते शब्द मूळ रवींद्रनाथांचे आहेत.

हे आम्हाला आधी माहीत होतं, तरी तिथे उभं राहिल्यावर ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. 1921 च्या जूनमध्ये रवींद्रनाथ प्रागला आले होते. यानाचेक व्याख्यानाला गेला. बंगाली त्याला येत नव्हतं, पण त्याने त्यांच्या बोलण्याच्या चाली टिपल्या आणि ‘लिदोवे नोविनी’ या दैनिकात त्यावर लेख लिहिला. पुढच्या वर्षी त्याने रवींद्रनाथांच्या कवितेवर पुरुषांच्या समूहगानाची रचना केली, ‘पोतुल्नी शिलेनेत्स’, म्हणजे भटका वेडा. परीस शोधत फिरणाऱ्या वेड्याची गोष्ट. गावातला मुलगा त्याला विचारतो, ही कमरेची साखळी सोन्याची कशी झाली? वेडा चपापतो. परीस हाताला लागून गेला होता, आणि दगड उचलून साखळीला लावायचा आणि साखळीकडे न बघताच फेकायचा, ही सवय झाल्यामुळे तो कधी लागला हे त्याला कळलंच नाही. तो पुन्हा उलट्या वाटेने शोधायला निघतो. अंगातलं बळ सरलेलं, मन धुळीला मिळालेलं, उन्मळून पडलेल्या झाडासारखा. या शेवटच्या ओळी त्याच्या थडग्यावर आहेत.

ताईने मूळ बंगाली कवितेच्या आठवत होत्या तेवढ्या ओळी म्हटल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

चौथा दिवस : लुहाचोविचे

ब्रनोहून लुहाचोविचेला गाडी बदलत जावं लागतं. दरीत वसलेलं, औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव. दुशान युर्कोविच या वास्तुकाराने रंगवलेल्या लाकडी नक्षीच्या इमारती उभ्या केल्यात. मोरावियातलं खेड्यातलं घर आणि एखादा वाडा यांची सोयरीक व्हावी तशा त्या दिसतात. लोक हातात चोच असलेले कप घेऊन संथ चालतात आणि पाणी पितात. विन्सेंट्का झऱ्याचं पाणी आम्हीही प्यायलो : कोमट, खारट, जिभेवर लोखंडासारखी चव राहते. ताईने एका दमात संपवलं, मी तीन घोट घेतले.

यानाचेक इथे वर्षानुवर्षं यायचा. 1917 च्या जुलैमध्ये आला तेव्हा ‘येनूफा’चं प्रागमधलं यश ताजं होतं आणि घर मोडकळीला आलं होतं. प्रागच्या प्रयोगातली गायिका गाब्रिएला होर्वातोवा हिच्याशी त्याचं प्रकरण झालं, झ्देंकाने जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी वकिलांसमोर एका छताखाली वेगळं राहायचा करार केला. अशा अवस्थेत त्याला इथे कामिला दिसली. पंचविशीची, सावळी, मोकळी हसणारी, दोन मुलांची आई. नवरा डाविड स्टोसल जुन्या वस्तूंचा व्यापारी. यानाचेक त्रेसष्ट वर्षांचा. त्याने तिला गुलाबाची फुलं आणि चार ओळींची चिठ्ठी पाठवली. सातशे पत्रांतलं ते पहिलं.

सुरुवातीची पत्रं वाचताना मजा येते, कारण त्यांत प्रेमापेक्षा पीठच जास्त आहे. महायुद्धाचा काळ, ब्रनोत खाण्यापिण्याची टंचाई, आणि डाविड स्टोसलकडून यानाचेककुटुंबाला शिधा यायचा. उलट 1918 नंतर, नव्या देशात स्टोसलच्या राहण्याच्या परवानगीचा प्रश्न आला तेव्हा यानाचेकने शब्द टाकला. दोन्ही कुटुंबांचं येणंजाणं होतं, झ्देंकाही त्यांना ओळखत होती. मग हळूहळू पत्रं वाढतात. 1927 पासून ‘आपण’ जाऊन ‘तू’ येतं आणि पत्रं जवळपास रोजची होतात.

कामिलाला संगीतात फारसा रस नव्हता. तिला पत्र लिहायचाही कंटाळा. तिची उत्तरं तुटक आणि उशिरा यायची, आणि आपली पत्रं जाळून टाका असा आग्रह तिने धरला. त्याने बहुतेक जाळली. थोडीच वाचली आहेत. त्यामुळे आज आपल्याला संवादाची एकच बाजू ऐकू येते. फोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ बसून पलीकडचं ताडत राहावं तसं ते वाचन आहे. ती केव्हा रागावली, केव्हा सुखावली, केव्हा नुसती थकली, हे त्याच्या पुढच्या पत्रावरून ओळखायचं. मला कामिलाबद्दल आदर वाटत आलाय तो इथेच. तिने त्याला ना खोटी भुरळ घातली ना तोडून टाकलं. इतका मोठा माणूस रोज एवढं ओतत असताना आपल्या घरात, आपल्या मुलांत पाय रोवून उभं राहणं सोपं नसणार.

आणि त्या एकतर्फी बोलण्यातून काय काय निघालं! ‘नाहीसा झालेल्याची रोजनिशी’ या गीतमालेतली जिप्सी झेफ्का, ‘कात्या काबानोवा’ ऑपेराची नायिका, ‘माक्रोपुलोस प्रकरण’ ऑपेरातली, मर्त्यांच्या जगात एकटीच तीनशे वर्षं जगणारी एमिलिया मार्टी, सगळ्यांत त्याला कामिलाच दिसते. पत्रांत तसं तिला सांगतो. 1926 च्या ऑगस्टमध्ये इथेच, ऑगस्टिनियन भवनात उतरला असताना पाऊस थांबेना, तेव्हा त्याने ‘ग्लागोलिती मिसा’ ही जुन्या स्लाव्हिक भाषेतली चर्चची प्रार्थना संगीतात लिहायला घेतली. ते भवन आता हॉटेल आहे. बाहेरून पाहिलं, मागच्या उतारावरच्या झाडीत जाऊन बसलो.

तिथे ‘खासगी पत्रं’ हा त्याचा दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) दोघींनी एकेक इअरफोन लावून ऐकला. 1928 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, तीन आठवड्यांत लिहिलेला. आधी नाव ‘प्रेमपत्रं’ होतं, ते बदललं. व्हायोलाच्या जागी व्हायोला दामोर, म्हणजे ‘प्रेमाचा व्हायोला’ हे जुनं वाद्य घ्यायचं होतं, ते तालमीत जमेना म्हणून साधा व्हायोला ठेवला. सुरुवातीला दोन व्हायोलिन जिवाच्या आकांताने काहीतरी सांगून टाकतात, आणि लगेच व्हायोला वेगळ्याच जगातून येतो. गज घोडीला घासून, काचेसारखा, थंड. कामिला प्रथम दिसली तो क्षण. सुंदर म्हणावा असा तो आवाजच नाही, अंगावर काटा येतो. त्याने प्रेमाची पहिली खूण म्हणून असा भेदरवणारा ध्वनी निवडला, यात त्याचं सगळं खरेपण आहे असं मला वाटतं. पुढच्या भागांत लय एका जागी टिकत नाही. चार मात्रा धावतं, थांबतं, पुन्हा पहिल्यापासून. ताई म्हणाली, “हे तर पत्र लिहिणाऱ्याचं खोडणं आहे.”

पाचवा दिवस : वाटेत

उत्तरेकडे प्रवास. गाड्या चुकल्या-जुळल्या, एका जंक्शनवर सूप आणि पाव. रात्री प्रझिबोरला मुक्काम केला. सिग्मंड फ्रॉइडचा जन्म या गावचा, 1856 चा. यानाचेकचं गाव इथून अगदी जवळ, वयात दोन वर्षांचं अंतर. एकाने माणसं काय बोलतात ते ऐकलं, दुसऱ्याने कसं बोलतात ते, असं झोपताना मनात आलं.

सहावा दिवस : हुक्वाल्डी

बस जंगलाच्या पायथ्याशी सोडते. डोंगरावर किल्ल्याचे भग्न बुरूज, खाली चर्च, आणि चर्चजवळ ती शाळा जिथे 3 जुलै 1854 रोजी त्याचा जन्म झाला. वडील शिकवायचे, ऑर्गन वाजवायचे, मधमाश्या पाळायचे. गावाच्या दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं घर, 1921 च्या अखेरीस भावाच्या विधवेकडून घेतलेलं. ब्रनोच्या घरापेक्षा इथे मोकळं वाटतं. खिडकीतून झाडं दिसतात, आत हार्मोनियम आहे. पायपेटीच म्हणा. ताईने त्याच्यावर हात ठेवायला परवानगी मागितली, तिथल्या देखरेखीच्या बाईंनी हसून नाही म्हटलं.

या डोंगरातल्या चाली त्याने पोरवयात ऐकल्या आणि पुढे फ्रांतिशेक बार्तोशबरोबर मोरावियाची लोकगीतं गोळा करताना पुन्हा ऐकल्या. कोल्हीणीचा ऑपेराही याच मातीतला. ‘लिदोवे नोविनी’त 1920 मध्ये तेस्नोह्लीदेक या लेखकाची चित्रमाला यायची, चलाख कोल्हीण बिस्त्रोउश्काची. स्टेयस्कालोवा स्वयंपाकघरात ती वाचून हसत होती, मालकाने विचारलं काय झालं, आणि तिने पान दाखवलं. 1924 मध्ये ऑपेरा रंगमंचावर आला. शेवटी कोल्हीण मरते, वनरक्षक म्हातारा होतो, आणि जंगलात तिचंच पिल्लू त्याला दिसतं. रडारड नाही. आता अभयारण्याच्या वाटेवर तिचा पुतळा आहे. शाळेची सहल आली होती, पोरं रांगेने तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

किल्ल्यापर्यंत चढलो. हरणं दिसली. 1928 च्या जुलैअखेर कामिला धाकट्या मुलाला, ओटोला घेऊन इथे आली. पहिल्यांदाच ती त्याच्या इथल्या घरी राहत होती. तिने ठेवलेल्या वहीत तो रोज काहीतरी लिहायचा, स्वर आणि शब्द. शेवटची नोंद 10 ऑगस्टची.

सातवा दिवस : ऑस्ट्राव्हा

जंगलात ओटो चुकला म्हणून त्याला शोधताना यानाचेक गारठला, असं सांगतात. ते तसंच घडलं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याला न्यूमोनिया झाला, ऑस्ट्राव्हाच्या डॉ. क्लाइन यांच्या रुग्णालयात नेलं आणि 12 ऑगस्टला सकाळी तो गेला. झ्देंकाला उशिरा कळलं, ती पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. ब्रनोत 15 ऑगस्टला अंत्यविधी झाला, नाट्यगृहात कोल्हीणीच्या ऑपेराचा शेवटचा प्रवेश वाजवला गेला. ‘खासगी पत्रं’ लोकांसमोर आला तो सप्टेंबरमध्ये. त्याने तो फक्त तालमीत ऐकला होता.

ऑस्ट्राव्हा कोळशाचं आणि पोलादाचं शहर. आता त्याच्या नावाचा वाद्यवृंद आहे, विमानतळही आहे. आम्ही तिथे फार फिरलो नाही. कॉफी घेतली आणि प्रागच्या गाडीची वाट पाहत पत्रांचं पुढे काय झालं ते एकमेकींना वाचून दाखवलं. कामिला त्याच्यानंतर सातच वर्षं जगली. 1935 मध्ये वारली, चव्वेचाळिशीही गाठली नाही. तिने सगळी पत्रं सांभाळली होती. 1939 मध्ये, जर्मन सैन्य देशात येत असताना, ती मासारिक विद्यापीठाच्या ताब्यात गेली. डाविड स्टोसल ज्यू होता, तो देश सोडून गेला. पुढची पन्नास वर्षं पत्रं बहुतांशी बंदच राहिली. पूर्ण छापील संग्रह 1990 मध्ये आला.

झ्देंका 1938 पर्यंत जगली. अखेरच्या वर्षांत तिने आपल्या आठवणी मारिये त्र्कानोवाला सांगितल्या, त्र्कानोवाने त्या लिहून काढल्या. ओल्गाचं आजारपण, बागेतलं घर, होर्वातोवा, कामिला, सगळं त्यात आहे. कडवटपणा आहे, आणि ऐकताना आश्चर्य वाटावं इतका त्याचा अभिमानही आहे. ते पुस्तक ताईकडे अजून आलं नव्हतं. तिने गाडीत बसल्या बसल्या मागवलं, आणि आधी मी वाचणार की ती, यावर प्राग येईपर्यंत आमचं ठरत नव्हतं. ती म्हणाली, “तू वाच आधी. मला त्याचा तो व्हायोला अजून थोडे दिवस नुसता ऐकू दे.”